अकराचा कवडसा

हस्त सरला. शेवटची सर मंगळवारी
माळशेजकडून उतरली नि आमच्या बांधावरूनच परत फिरली.
तेव्हा बाळाराम म्हणाले, आता कौलं काढायला हरकत नाही.
म्हणाले, आणि भिवंडीला गोदामावर निघून गेले.
शिडी मग मीच लावली.

तेजलनं पावसात शाळेतल्या खडूनं
वाशांवर फुल्या मारून ठेवल्या होत्या.
गळेल तिथं फुली, फुलीखाली भांडं:
टोप, कासंडी, रंगाचा रिकामा डबा, परात.
पाचवीखाली ठेवायला काही उरलंच नाही,
म्हणून तिथं कुणी झोपायचं नाही, एवढंच ठरलं.

जान्या मुकणे पाख्यावर चालतो
ते खालच्याला कळतसुद्धा नाही.
मी चढले नि तीन कौलं गेली.
"वैनी, टाचंवर नाय, चवड्यावर."
फुटके तुकडे त्यानं वळचणीला असे रचले
की उद्या तलाठी येऊन मोजणार आहे.

कोनवाशाखाली उंदरांचा संसार निघाला.
मूठभर लोंब्या, अर्धा कंगवा, रेशनच्या पावतीचा भुगा,
आणि माझं जोडवं,
ज्याच्यावरून सासूबाईंनी मला
एक अख्खी दिवाळी ऐकवली होती.
छपरावरच बसून बोटात घालून पाहिलं.
आता घट्ट होतं.

वरून शेत दिसत होतं. झिनी पिवळी पडलेली,
ओढ्याकडची थोडी आडवी.
खळ्यावर अजून टाकळा उभा,
विळ्यांना धार नाही, शेण कालवायचं राहिलंय,
पडवीचा कुड खालून कुजून हलतोय.
एका बाईला किती हात असतात
हे ज्यानं त्यानं खालून पाहून सांगावं.

चार फुल्या बुजल्या. पाचवीला
गोमाकाकांनी काठी आपटली.
"ती राहू दे. मंग मना टाइम कसा कलंल?"

खरंच होतं. त्या भोकातून पडणारा कवडसा
जात्याच्या खुंट्यावर आला की अकरा,
अकराला साखरेची गोळी.
घड्याळ आहे घरात. गोदामवाल्यांनी दिलेलं, सोनेरी काट्यांचं.
काकांना काटे दिसत नाहीत.
ऊन हाताला लागतं.

सरळगावच्या बाजारात काचेचं कौल
दोनशे साठला एक. मी दोनदा किंमत विचारली,
दोनदा तेवढीच निघाली.
माळावरचं गवत दोन दिवस कापलं,
वखारवाल्यानं "ओलं हाय" म्हणून भाव पाडला,
तरी जमलं. पिशवीत पोरासारखं धरून आणलं,
एसटीत कुणाला टेकू दिलं नाही.

पण पाचव्या फुलीची रीपच किडलेली.
जान्यानं कौल एक घर डावीकडं बसवलं.
दुसऱ्या दिवशी काका जात्याशी
हात पसरून बसले. बसले. बसले.
"आज दिवस उशिरा निंघाला काय गो?"
बारा वाजायला आले होते.

कौल पुन्हा काढायला जान्याला सवड नव्हती,
त्याची वीटभट्टीची उचल झाली होती.
मग तेजल, मी आणि शेजारची कुंदा,
तिघींनी मिळून जातं हातभर सरकवलं.
ते उठलं तिथं जमिनीत एक गोल राहिला,
गोलाच्या कडेला सारवणाचे पापुद्रे,
एकाखाली एक, किती जणींचे कोण जाणे.
मी त्यावर शेणाचा हात फिरवला. वेळ नव्हता.

उद्यापासून कापणी. मागचं पाखं अजून उघडंच,
ताडपत्रीनं भागवलंय. कुड दिवाळीनंतर.

कोजागरीच्या रात्री कण्हल्यासारखं काही ऐकू आलं
म्हणून उठले, तर काका जात्याशी.
खुंट्यावर चांदणं, चांदण्यात त्यांचा पंजा.
"गोली दे," म्हणाले.
"काका, रात्र हाय."
त्यांनी पंजा उलटा केला, सुलटा केला.
"तरीच," म्हणाले,
"आजचा ऊन थंड लागतो."